बिनधुराचं इंजिन

भाऊसाहेबांच्या मळ्यातून निळा धूर वर चढत होता, म्हणून मोटरीतून उतरल्यावर मी घराकडे न जाता नदीकडे वळले.

राजूरचा घाट उतरून मोताळ्यात आलं की बुलढाण्याची गार हवा मागे राहते आणि खालची ऊन हवा तोंडावर येते. तिच्यात एरवी शेणाचा, सरकीचा, तापलेल्या मातीचा वास असतो. त्या दिवशी आणखी एक वास होता. जळालेल्या तेलाचा, आधी गोडसर आणि मग घशाला कडू लागणारा. पाच वर्षांत तो मला आला नव्हता; बुलढाण्याहून मी एरवी संध्याकाळच्या मोटरीनं येई आणि पहाटे परते. असा धूर एकाच तऱ्हेचं इंजिन सोडतं, आणि तेही त्याच्या पेट्रोलमध्ये कोणी मापून तेल मिसळलं असेल तर.

म्हणजे भाऊसाहेबांच्या मळ्यात आता तेल मिसळलं जात होतं. ज्या कामासाठी त्यांनी माझ्या बापाला भर बाजारात चोर ठरवलं, तेच काम त्यांच्याच दारी रोज सकाळी चाललं होतं, आणि माझा बाप अजून चोरच होता.

मी बांधावर उभी राहिले. चपलेत माती गेली होती. पलीकडे पाटाचं पाणी केळीत शिरत होतं आणि इंजिन एका सुरात बोलत होतं. त्या सुरानं मला मागे ओढून नेलं. मला जायचं नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही.

पहिलं इंजिन आलं तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू व्हायची होती. नांदुऱ्याच्या स्टेशनावर ते लाकडी खोक्यात उतरलं आणि बैलगाडीतून मोताळ्याला आलं. खोकं उघडलं तेव्हा आत भुसा आणि भुशाच्या मधोमध घागरीएवढं लोखंड. भाऊसाहेब म्हणाले, "एवढंसं? हे पाणी ओढते का खेळणं आहे?" बाबांनी त्याच्यावरचा भुसा फुंकून काढला, जसा बाळाच्या डोळ्यातला कचरा काढतात तसा.

बाबा जातीनं लोहार. काही वर्षं नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात काम करून ते मिस्तरी होऊन परतले होते, आणि भाऊसाहेबांनी आपलं इंजिन त्यांच्या हाती दिलं होतं. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. पत्रकं होती. सभेची, बहिष्काराची, परदेशी कापडाची, भाववाढीची. बाबा बाजारातून ती उचलून आणत आणि त्यांत नटबोल्ट, वायसर, जुने प्लग गुंडाळून ठेवत. मी वाचायला शिकले ती त्या तेलकट कागदांवर. अन्यायाचं नाव घ्यावं, करणाऱ्याचं नाव घ्यावं, आणि हे चार माणसांत घ्यावं, एवढं मला त्या कागदांनी शिकवलं. बाकीचं इंजिनानं.

"हे पाह्य पोरी," बाबा म्हणायचे, "मोटारीच्या इंजिनाले खाली तेलाचं पोट राह्यते. आतली दांडी त्या तेलात डुबते, फिरते, साऱ्या अंगाले तेल लावून घेते. याचं पोट रिकामं. याचं पोट म्हणजे आपला भाता."

भाता मला माहीत होता. आमच्या भट्टीचा भाता मीच ओढत असे.

"पिस्टन वर गेला का भाता फुगते. हवा अन् पेट्रोल आत ओढते. पिस्टन खाली आला का भाता दबते, अन् तीच हवा बाजूच्या वाटेनं वर जाते. वर ठिणगी. याले झडपा नाही, काही नाही. भिंतीले भोकं आहेत, पिस्टनच जाता-येता ते झाकते अन् उघडते. मोटारीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा जोर मारते. हे दर फेरीले मारते."

"मग तेल कुठून जातं?"

"हवेसंगंच. खाली तेल भरून ठेवलं त भाता चालन का? म्हणून पेट्रोलातच मिसळा लागते. आत गेल्यावर पेट्रोल उडते, तेल अंगाले चिकटते. दांडीले, बेरिंगाले, पिस्टनले. मंग तेही वर जाते अन् जळते. मोटारीचं तेल फिरून फिरून कामी येते. याचं एकदाच. दर खेपेस नवं."

तेच ते निळं. जे अंगाला लागून, काम करून, जळून बाहेर पडतं ते.

सकाळी बाबा तेल मिसळत ते बघायला मला फार आवडे. आधी बिडी विझवून लांब ठेवायची. मग मलमलीच्या फडक्यातून थोडं पेट्रोल डब्यात गाळायचं. त्यात तेल. तेल मधासारखं तळाशी जायचं आणि दिव्याच्या ज्योतीसारखं हलायचं. झाकण लावून डबा दोन्ही हातांनी हलवायचा, कडेवरच्या पोराला झुलवावं तसा. मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवणं. सोळा मापं पेट्रोलला एक माप तेल. ते माप उस्मानचाचांनी करून दिलं होतं. बाजारात पत्र्याचे डबे, चाळण्या, कंदील विकणारे उस्मानचाचा. माप देताना ते म्हणाले होते, "मिस्तरी, तुम्हारी औलाद से ज्यादा संभालते तुम इस मशीन को." बाबा म्हणाले, "औलाद बोलून सांगते चाचा. हे बोलत नाही."

पण त्यांच्याशी ते बोलायचं. एक लाकडी दांडी ते इंजिनाला टेकवत आणि तिचं दुसरं टोक कानाला. डोळे मिटत. आत काय घासतंय, काय सैल झालंय, ते सांगत. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांचे खांदे हळद आणि तुपानं शेकत. त्या दिवशी बाबा पळसाचं पान घेऊन मळ्यात जात आणि इंजिनाच्या बाहेरच्या फिरत्या जागांना तेल लावत. बैलांना देतात तसं उद्याच्या जेवणाचं आवतण इंजिनालाही देत. मी हसले की म्हणत, "हसू नको. खांदा याचाही दुखते."

नदीकाठची ती ओली दरड, जिच्यात इंजिन बसवलं होतं. केळीची पानं फाटून झालेल्या झालरी. पाटात पाय सोडून खाल्लेली हिरवी बोरं. एका सुरातलं ते टर्र. दुपारी घरी आडवं पडलं तरी ते ऐकू यायचं, आणि त्याच्यावर माझा डोळा लागायचा. गावातल्या कोणत्याच देवळाची घंटा मला एवढी आपली वाटली नाही.

मग लढाई आली आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. चिठ्ठी बुलढाण्याच्या कचेरीतून, पेट्रोल नांदुऱ्याहून. भाऊसाहेबांची मोटर विटांवर चढली. ज्या माणसाच्या मोटरीची धूळ गावानं वर्षानुवर्षं खाल्ली, तो आता धमनीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून, जाऊ लागला. त्याला प्रत्येक डब्याचा संशय येऊ लागला. एका बाजारच्या सकाळी ते न सांगता मळ्यात आले. बाबा डबा हलवत होते.

"काय करून राह्यला बे मिस्तरी?"

"तेल मिसळून राह्यलो, भाऊसाहेब."

"पेट्रोलमध्ये?"

"हाव जी. याले तसंच लागते."

"मले शिकवते? अकोल्यापर्यंत मोटर स्वतः हाकली म्या. तेल खाली घालतात, पेट्रोल वर. दूधवाला पाणी घालते अन् तू तेल. काढलेलं पेट्रोल कोणाले देल्लं?"

बाबांनी सगळं सांगितलं. भाता, भोकं, पिस्टन. मी तिथे होते, सतरा वर्षांची, हातात भाकरीचं फडकं. भाऊसाहेब ऐकत नव्हते, ते धुराकडे बघत होते. "अन् हा धूर काहून? साफ पेट्रोलाले कधी धूर येते का? हीच तुही चोरी दिसून राह्यली वर!"

त्यांनी बाजारातून माणसं बोलावली. ती पिशव्या, टोपल्या घेऊन दरडीवर जमली. भाऊसाहेबांनी टाकी रिकामी करवली आणि स्वतःच्या हातानं नुसतं पेट्रोल ओतलं.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आणि धूर नव्हता.

हेच मला आजही सोसत नाही. खोट्याचा पहिला अर्धा तास किती स्वच्छ दिसतो! आत भिंतींना लागलेलं कालचं तेल होतं, बाबांनी घातलेलं, त्याच्यावर ते धावत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वांगी विकणारी एक बाई म्हणाली, "बरं झालं मा, भाजीले धुराचा वास येत होता." भाऊसाहेब हसले. "पाहा! साफ!"

बाबा मान कलती करून उभे होते. दांडी त्यांच्या हातात नव्हती, तरी ते ऐकत होते. मग ते म्हणाले, "बंद करा."

"काऊन? पोट दुखून राह्यलं?"

"भाऊसाहेब, आवाज चढला. सुकलं ते आतून. बंद करा, जळते ते!"

उस्मानचाचा गर्दीतून पुढे आले. "भाऊसाहेब, जरा सुन तो लेव. मिस्तरी का कान है वो."

"चाचा, तुम्ही डबे विका."

बाबा पुढे धावले. दोन गड्यांनी त्यांना दंडाला धरलं. तेवढ्यात माझ्याही कानाला कळलं. सूर पातळ झाला होता, कोरडा, दात खाल्ल्यासारखा. मग तो जड झाला, मग लोखंडाची एक किंकाळी निघाली, पंपाचा पट्टा सुटून केळीत जाऊन पडला. आणि काही नाही. पाटातलं पाणी तेवढं थोडा वेळ वाहत राहिलं, कारण त्याला अजून कळलं नव्हतं.

गड्यांनी दंड सोडले. बाबांनी जाऊन इंजिनावर तळवा ठेवला. कातडी चरचरली. त्यांनी हात काढला नाही. मी ओढून काढला.

भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता खरं बोलेल. ते म्हणाले, "तूच आधी काही करून ठेवलं याले."

दुपारी दवंडी फिरली. गणपत कोतवाल डफडं घेऊन आधी आमच्या दारी आला, मान खाली घालून. "मिस्तरी, हुकूम हाय दादा." बाबा म्हणाले, "पिट." आणि तो बाजारात गेला. "ऐका हो ऐका! मिस्तरी पेट्रोलात भेसळ करते. त्याच्या हाती कोणी यंत्र देऊ नये होऽऽ!" आधी मोताळ्यात. मग भाऊसाहेबांच्या माणसांनी तेच धाडच्या आणि नांदुऱ्याच्या बाजारात सांगितलं.

नांदुऱ्याच्या जिनानं बाबांना पुन्हा बोलावलं नाही. ते विळे-खुरपी करायला बसले. घणाच्या आवाजानं त्यांचे कान जाऊ लागले, ते कान. दवंडीच्या रात्री मी एक पत्रक लिहिलं होतं, शाईनं, चार पानी. बाबांनी ते घडी करून चुलीपाशी ठेवलं. म्हणाले, "बाजारात त्याचं ऐकतात. तुह्यं नाही ऐकन कोणी." मी गप्प बसले. शिकायला गेले, बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. झेंडा बदलला, भाषणं झाली, साखर वाटली. दवंडी काही कोणी परत घेतली नाही. मला घाई होती ती एकाच गोष्टीची. बाबांना ऐकू येतंय तोवर त्यांचं नाव त्याच बाजारात, त्याच मोठ्या आवाजात धुतलं जायला हवं होतं.

तर त्या दिवशी मी बांध ओलांडून मळ्यात गेले.

भाऊसाहेब लिंबाखाली वेताच्या खुर्चीत होते. केस पिकलेले. नवं इंजिन त्याच दरडीत. एक अनोळखी माणूस डबा हलवत होता, कडेवरच्या पोराला झुलवावं तसा.

"कोण? मिस्तरीची पोरगी ना? ये, बस."

"तेल घालता इंजिनात?"

डबा हलवणाऱ्याला भाऊसाहेबांनी हातानं लांब जायला सांगितलं. मग हळू म्हणाले, "घालतो."

"कधी कळलं?"

"हे इंजिन घेतलं तेव्हा. विकणाऱ्यानंच सांगितलं. झाले असतील तीनेक वर्षं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तुह्या बापाचं बरोबर होतं."

तीन वर्षं. तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी हा धूर बघत होता, आणि त्याला विचारायची गावात कोणाची छाती नव्हती.

"हे बाजारात सांगा."

"बाजारात काऊन? मी घरी येतो. शाल घेतो, नारळ घेतो, त्याच्या पाया पडतो म्हण."

"खोटं बाजारात बोललात. खरं बोलायला आमचं घर कशाला पाहिजे?"

"माणसानं किती ताणावं पोरी! माह्यी या गावात काही इज्जत आहे."

"माझ्या बापाचीही होती. तुम्ही तिची दवंडी पिटली."

"ते नाही होणार," ते म्हणाले, आणि इंजिनाकडे बघत बसले.

शाल-नारळाचं मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि चहा ठेव म्हणाले असते. म्हणूनच सांगितलं नाही. हे बरोबर केलं का, ते मी स्वतःला विचारत नाही.

बुलढाण्यात मी पत्रक छापून घेतलं, पिवळ्या कागदावर. 'पेट्रोलमध्ये तेल मिसळणं ही भेसळ नव्हे. तेल न मिसळता इंजिन चालवतो तो अडाणी. आणि हे कळल्यावरही तीन वर्षं गप्प बसतो तो चोर.' खाली भाऊसाहेबांचं नाव, ठसठशीत. पुढच्या बाजाराला गणपत कोतवालाला गाठलं.

"हुकूम कोणाचा?" त्यानं विचारलं.

"माझा."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आण इकडे. हे त म्या पाच वर्षांआधीच पिटलं असतं."

डफडं वाजलं. मी उस्मानचाचांच्या खोक्यावर चढून वाचलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हणजे भाऊसाहेबानं आपलं इंजिन आपल्याच हातानं मारलं?"

"हाव. तुमच्यासमोर. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

आधी कोणी हसलं नाही. मग म्हातारा हसला, मग सगळा बाजार. ते हसू मळ्यापर्यंत गेलं असेल. मी ते घटाघटा प्यायले. पाच वर्षांची तहान होती.

घरी बाबा दारात बसले होते. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. बोट फिरवत त्यांनी ते वाचलं, एकदा, पुन्हा एकदा. मी वाट बघत होते. डोळे भरतील, हात डोक्यावर येईल.

"कोणतं इंजिन?" त्यांनी विचारलं.

"काय?" आणि मग मोठ्यानं, "काय म्हणता बाबा?"

"लिहिलं का तुनं, कोणतं इंजिन? 'तेल न मिसळता इंजिन चालवतो तो अडाणी'. सारेच इंजिन? नांदुऱ्याच्या रस्त्यानं आता लॉऱ्या धावतात, पोरी. एखादा हे वाचन अन् लॉरीच्या पेट्रोलात तेल ओतन. प्लग काजळन, भर घाटात लॉरी बंद पडन. नाही त वर ओतलं म्हणून खालचं तेल टाकणंच सोडन. मंग तेही इंजिन जळन." त्यांनी कागद नीट घडी घातला. आवाजात राग नव्हता. "भाऊसाहेबानं मोटारीचं ग्यान याले लावलं. तुनं याचं ग्यान मोटारीले लावलं."

सहाशे प्रती वाटल्या होत्या. धाडला गेल्या होत्या, नांदुऱ्याला गेल्या होत्या. रागाच्या भरात मला फक्त एक माणूस दिसत होता, आणि त्या माणसाला मारताना मी तीच चूक छापली होती जी त्यानं केली होती.

तो आठवडा मी झोपले नाही असं नाही, पण वर्गात खडू हातात धरून उभी राहत असे. चूक बाबांशिवाय कोणाच्या लक्षात आली नव्हती. गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं किती सोपं असतं, हे मला त्या आठ दिवसांत कळलं, आणि भाऊसाहेबांबद्दलचा माझा राग त्यानं कमी झाला नाही, उलट वाढला.

पुढच्या बाजाराला गणपत पुन्हा आला. मी काय पिटायचं ते सांगितलं तेव्हा तो डफडं बगलेत धरून हसत सुटला. "आपल्याच चुकीची दवंडी? उभ्या जन्मात नाही पिटली मा बाई!"

या वेळी बाबाही आले होते. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून आले होते. मी खोक्यावर चढले आणि म्हणाले, "गेल्या बाजारी मी चूक सांगितली. ज्या इंजिनाच्या पोटात तेल राहत नाही, तेवढ्याच इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं. मोटारीच्या, लॉरीच्या नाही."

"मास्तरीणबाई, मागच्या हप्त्यात अडाणी कोण होतं मंग?" कोणीतरी ओरडलं.

"मी," मी म्हणाले. बाजार हसला. हसू दिलं.

मग धाडकडच्या एका माणसानं मला नाही, खाली उभ्या असलेल्या बाबांना विचारलं. हातात तंबाखू मळत, सहज. "मिस्तरी, आमच्या पंपाच्या इंजिनाले किती टाका लागन?"

बाबांना ऐकू आलं नाही. त्या माणसानं दोन्ही हात तोंडाशी धरून पुन्हा विचारलं, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. बाबांनी मान कलती केली. मग तेवढ्याच मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाच्या बेसुमार आवाजात, ते सांगू लागले: आधी थोडं पेट्रोल, मग तेल, मग हलवायचं. लोक जवळ सरकले. उस्मानचाचांनी एक माप उचलून त्यांच्या हातात दिलं.

मला वाटलं होतं, इथे माझा राग उतरेल. बाबांचा उतरला. ते आता बाजारच्या दिवशी चाचांच्या दुकानापाशी बसतात, लोक इंजिनं घेऊन येतात.

माझी चूक मी आठ दिवसांत त्याच जागी उभी राहून सांगितली. त्या जागेपासून भाऊसाहेबांच्या मळ्याचं फाटक हाकेच्या अंतरावर आहे. दर बाजाराला मी घाट उतरून येते. गणपत कोतवाल डफडं गळ्यात अडकवतो, वाजवत नाही, कारण पुढची दवंडी भाऊसाहेबांनी द्यायची आहे, आणि आम्ही दोघं त्या फाटकाकडे तोंड करून उभे राहतो.